भाड्याने देणे आहे, भीतीसकट

घरमालक भाडेकरूला घाबरतो आणि भाडेकरू घरमालकाला. या सगळ्या व्यवहारात न घाबरणारा माणूस एकच, तो म्हणजे एजंट. त्याला एका महिन्याचं भाडं मिळणार असतं, जमलं तर दोन्हीकडून मिळणार असतं, आणि त्या घरात राहायचं मात्र नसतं. एवढी निर्भय अवस्था इतरांना संन्यास घेतल्याशिवाय येत नाही.

आम्ही कोथरूडमध्ये वन बीएचके शोधत होतो. नवरा सोलापूरचा, मी सांगलीची, दोघांच्या नोकऱ्या पुण्यात. म्हणजे पुण्याच्या हिशेबाने दोघंही बाहेरचे. आमचा एजंट कर्वे पुतळ्यापाशी भेटायचा. त्याचं ऑफिस म्हणजे स्कूटरची डिकी. डिकीत किल्ल्यांचा भलामोठा जुडगा आणि प्रत्येक किल्लीला गुंडाळलेली चिकटपट्टी. पट्टीवर पत्ता नसायचा, मालकाचा स्वभाव असायचा. ‘तापट’, ‘अमेरिका’, ‘फक्त व्हेज’, ‘दुपारी फोन नको’, ‘आजी’. ही वर्गवारी बघितली आणि या धंद्यात घर दुय्यम असतं हे ध्यानात आलं.

घराचं कुलूप उघडण्याआधी एजंट दोन वाक्यं बोलतो. पहिलं, “मेट्रोपासून पाच मिनिटं.” पौड रस्त्यावरची मेट्रो ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाली, वनाझपासून गरवारे कॉलेजपर्यंत. त्या दिवसापासून कोथरूडमधलं प्रत्येक घर मेट्रोपासून पाच मिनिटांवर आलं. मयूर कॉलनीतलं पाच मिनिटांवर, डहाणूकर कॉलनीतलं पाच मिनिटांवर, आणि जिथे यायला रिक्षावाला मान हलवून नकार देतो तिथलंही पाचच मिनिटांवर. मेट्रोमुळे लोकांचा प्रवासाचा वेळ वाचला असेलच, पण भाडं वाढवताना मालकांना जी प्रस्तावना करावी लागायची तिचा वेळ नक्की वाचला.

दुसरं वाक्य, “साडेसहाशे स्क्वेअर फूट आहे.” आत गेल्यावर चारशे दिसतात. उरलेले अडीचशे फूट जिन्यात, टाकीखाली, पार्किंगमध्ये आणि बिल्डरच्या आठवणींत वाटले गेलेले असतात. २०१६ च्या रेरा कायद्याने नवीन घर विकणाऱ्या बिल्डरला कार्पेट एरियावर आणून बसवलं. भाड्याच्या जुन्या घरांपर्यंत ही बातमी अजून पोचलेली नाही.

घरंही एकेक नामी. एका घरात फ्रिज हॉलमध्येच मावत होता, आणि त्याचं दार उघडायचं तर सोफ्यावरच्या माणसाने उठून उभं राहायला हवं होतं. एका घरात बेडरूमला दोन दारं होती, एक हॉलमध्ये उघडणारं आणि एक थेट जिन्यात. “इमर्जन्सीला बरं पडतं,” असं एजंट म्हणाला. कसली इमर्जन्सी ते बोलला नाही. एका घराच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू दिसत होत्या. आम्ही खिडकी उघडून हवा येते का बघत होतो, तर त्यांनी तिथूनच विचारलं, “ठरलं का?” नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “आधीचेही असंच म्हणायचे.”

सेमी फर्निश्ड घराचा भाव आणखी वेगळा. त्यात पंखे, ट्यूब, गिझर आणि मालकाच्या सुनेने नाकारलेलं एक डायनिंग टेबल असतं. त्यावर काच असते, काचेखाली क्रोशाचं विणकाम असतं आणि “काचेवर गरम भांडं ठेवू नका” ही अट असते. ते हलवता येत नाही, वापरता येत नाही, आणि त्याचे महिन्याला दीड हजार पडतात.

आम्हाला पसंत पडलं ते ‘आजी’ अशी पट्टी असलेल्या किल्लीचं घर. जुनी, लिफ्ट नसलेली बिल्डिंग, दुसरा मजला. हॉलला पूर्वेची खिडकी, स्वयंपाकघरात दोन माणसं एकमेकांची माफी न मागता उभी राहतील एवढी जागा, आणि बाथरूमच्या नळाला प्रत्यक्ष पाणी. भाडं १८,०००, डिपॉझिट ५०,०००. आम्ही आनंदाने “घेतो” म्हणालो. एजंट आमच्याकडे कनवाळूपणे बघत राहिला. “तुमचं झालं हो,” तो म्हणाला, “आता काकांना तुम्ही पसंत पडायला हवेत.”

काका तिसऱ्या मजल्यावर राहायचे. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, काकूंनी पाणी आणून ठेवलं आणि चौकशी सुरू झाली.

“दोघंच?”

“हो, दोघंच.”

“म्हणजे आत्ता दोघंच,” काकू म्हणाल्या. आमच्या संसाराची पुढची दिशा त्यांनी एका शब्दात गृहीत धरली होती.

“पाहुणे वगैरे?”

हा प्रश्न फसवा असतो. येतात म्हणावं तर सोलापूरहून एसटी भरून माणसं उतरताना काकांना दिसू लागणार; येत नाहीत म्हणावं तर आम्ही माणूसघाणे. नवरा म्हणाला, “येतात, पण जातात.” काकांनी पहिल्यांदा मान हलवली.

“गाणंबिणं? तबला? कुत्रं?”

“नाही, नाही, नाही.”

“जेवणखाण?” इथे काका थोडे अडखळले. कोथरूडात हा प्रश्न कुणी उघडपणे विचारत नाही. “म्हणजे साधं जेवण असतंच हो सगळ्यांचं. बाकी काही… घरात?”

“बाकी सगळं हॉटेलात,” नवऱ्याने सांगितलं. त्या ‘बाकी’मध्ये कोंबडी, बोकड आणि मासे एकत्र सुखाने बसले, आणि कुणाच्याही तोंडून त्यांचं नाव न निघता विषय संपला.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं, पण फक्त ज्यांचं आडनाव जिन्यापर्यंत पोचतं त्यांना. एजंट फोनवर आधी आडनाव विचारतो, आणि काही आडनावांना एकच उत्तर मिळतं: “अहो, घर कालच गेलं.” माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला असंच कालच गेलेलं घर सांगितलं गेलं. त्याच संध्याकाळी मी माझं आडनाव सांगून त्याच घरासाठी फोन केला, तर ते परत आलेलं होतं. चार भिंती, ओटा आणि संडास-बाथरूम घेऊन एवढा प्रवास करणारी घरं जगात दुसरीकडे नसावीत.

एकट्या मुलांची गत याहून निराळी नाही. ‘अशी ही बनवाबनवी’मध्ये पुण्यात जागा मिळावी म्हणून दोन पुरुष बायका होऊन घरमालकिणीपुढे उभे राहतात. चित्रपट १९८८ चा. त्यातल्या साड्या, गाड्या आणि भाडं आता जुनं वाटतं. कथेतली अडचण जुनी झालेली नाही. आजही एजंट अविवाहित मुलाला सांगतो, “साखरपुड्याचा फोटो असला तरी चालेल.”

आता प्रश्न असा, की चारशे फुटांची जागा, अकरा महिन्यांसाठी, आगाऊ डिपॉझिट घेऊन देताना माणूस एवढा घाबरतो कशाला? तर या भीतीला इतिहास आहे, आणि तो बराच सरकारी आहे.

मुंबई राज्याचा भाडेनियंत्रणाचा कायदा १९४७ चा. त्याने प्रमाण मानलं ते १ सप्टेंबर १९४० रोजीचं भाडं. पुढे डाळ वाढली, सोनं वाढलं, मालकाची मुलं वाढली. भाडं १९४० मध्येच मांडी घालून बसलं. पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांत दोन खोल्यांत तीन पिढ्या दहा-बारा रुपयांत नांदल्या. मालक कौलं शाकारत नसे, कारण तेवढ्या भाड्यात कौलं शाकारणारा जिनाही चढत नसे. भाडेकरू शाकारत नसे, कारण वाडा त्याचा नव्हता. दोघंही तत्त्वाला पक्के, आणि वाडा त्या दोघांच्या तत्त्वांवर टेकू दिल्यासारखा उभा.

मग मालकांनी शक्कल काढली. भाडेकरू ठेवायचाच नाही, लायसन्सी ठेवायचा. त्याला राहण्यापुरती परवानगी, ताबा मालकाचाच. हे बरं चाललं होतं. तेवढ्यात १९७३ साली कायदा दुरुस्त झाला आणि १ फेब्रुवारी १९७३ या दिवशी जो कुणी चालू लायसन्सवर घरात राहत होता तो भाडेकरू ठरला. आदल्या रात्री पाहुणा म्हणून झोपलेला माणूस सकाळी घरचा होऊन उठला. महाराष्ट्रातल्या कित्येक मालकांनी त्यानंतर घर भाड्याने देण्यापेक्षा त्याला कुलूप लावणं पसंत केलं. आमच्या काकांना स्वतःच्या लग्नाची तारीख काकूंना विचारावी लागते, पण १ फेब्रुवारी १९७३ तोंडपाठ आहे.

हल्लीचा कायदा १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून लागू झालेला. त्याने हा गुंता बराच सोडवला. मुदत संपल्यावर लायसन्सी हलला नाही, तर त्याच्याकडून दुप्पट भाड्याने भरपाई घेता येते. उलट मालकाने करार लेखी करून नोंदवला नाही, तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या, मालक त्या खोट्या ठरवेपर्यंत. दोघांनाही सारखंच घाबरवून कायद्याने न्याय केला आहे.

आणि अकरा महिने का, हे कुणाला विचारू नये. मी विचारलं. एजंट म्हणाला, “पद्धत आहे.” काका म्हणाले, “बारा झाले की संपलंच.” काय संपतं ते त्यांनी सांगितलं नाही, पण आवाज हॉस्पिटलच्या पॅसेजमधला होता. खरी गोष्ट अशी, की १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे. ती नोंदणी टाळायला देशभर अकराचा आकडा रूढ झाला. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने करार कितीही मुदतीचा असो, तो नोंदवावाच लागतो. म्हणजे अकराचं कारण कधीच निघून गेलं. आकडा मात्र जागा सोडायला तयार नाही. त्याच्यावर दुप्पट भाड्याचा दावा कुणी केलेला नाही.

ॲग्रीमेंटसाठी आता रजिस्ट्रार कचेरीत रांग लावायला लागत नाही. एजंटचा मुलगा लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. सरकारचा खर्च माफक: स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात डिपॉझिटवरच्या व्याजाचा थोडा हिशेब, म्हणजे आमच्या घराला पाचशेच्या आसपास; आणि शहरात नोंदणी फी हजार रुपये. लॅपटॉपवाल्या मुलाची फी या दोन्हींच्या बेरजेहून जास्त, कारण सरकार घरी येत नाही, तो येतो.

घर होतं काकांच्या आईच्या नावावर. म्हणून किल्लीवर ‘आजी’. नव्वदी ओलांडलेल्या, नऊवारी नेसलेल्या, कानांनी शाबूत आणि जिभेने त्याहून. त्यांना खुर्चीत बसवलं, फोटो काढला, आणि अंगठा यंत्रावर ठेवला. यंत्राने लाल दिवा दाखवला. परत ठेवला. परत लाल.

“आजी, जरा दाबून,” मुलगा म्हणाला.

“दाबते आहे की. आता यंत्रात शिरू का?”

अंगठा पुसून झाला, ओला करून झाला, पदराने कोरडा करून झाला. मुलाने मग अनुभवाचा उपाय सांगितला, “केसांवरून फिरवा आजी, तेल लागलं की येतो ठसा.” आजींनी अंगठा केसांवरून फिरवला, यंत्रावर ठेवला, आणि लाल दिव्याकडे बघत म्हणाल्या, “ऐंशी वर्षं भांडी घासली रे या हाताने. ठसा उरलाय कुठे?”

मुलगा दुसरं बोट शोधू लागला. आजींना वाट बघायचा कंटाळा आला असावा. त्या माझ्याकडे वळल्या. “एवढं कशाला लागतं गं भाड्याच्या घराला? आम्ही सदाशिव पेठेत वाड्यात राहिलो, चाळीस-पंचेचाळीस वर्षं. बारा रुपये भाडं. ना कागद, ना अंगठा. मालक म्हणायचा सोडा, हे म्हणायचे नाही सोडत.”

काका खोकले.

“कोर्टात गेला तो मालक,” आजी म्हणाल्या. “यांनी त्याला पुरा केला. मालक गेला, त्याचा मुलगा म्हातारा झाला, आम्ही आपले तिथेच. पानशेतच्या पुरात वाडा गेला नाही, तो शेवटी बिल्डरने पाडला. तेव्हा कुठे हललो. फुकट नाही हो हललो, नव्या बिल्डिंगमध्ये जागा घेऊन हललो. ती विकली आणि ही दोन घरं घेतली.”

“आई, बोट ठेव,” काका म्हणाले.

तर्जनीला हिरवा दिवा लागला.

सगळा उलगडा त्या हिरव्या दिव्यात झाला. काकांच्या भीतीला मी उगाचच संशय समजत होते. ती माहिती होती. भाडेकरू काय करू शकतो, हे त्यांनी लहानपणापासून जवळून पाहिलं होतं, वडिलांच्या मांडीवर बसून. आम्ही ज्या चारशे फुटांसाठी अठरा हजार मोजणार होतो ते चारशे फूट मुळात एका भाडेकरूने घर न सोडल्यामुळे अस्तित्वात आले होते. पेठांतून कोथरूडला आलेल्या मालकांमध्ये असे बरेच सापडतील. चोरांना सर्वांत जास्त घाबरतो तो निवृत्त फौजदार, असं म्हणतात; इथे निवृत्त कोण होता, ते मी नवऱ्याला जिना उतरताना सांगितलं.

राहायला गेल्यावर कळलं की बेडरूममधलं एक कपाट आमचं नाही. भिंतीतलं, सनमायका लावलेलं, उंच कपाट, त्याला पितळी कुलूप. “त्यात आमचं थोडं सामान आहे,” काका म्हणाले. “राहू दे तिथेच.” आत काय आहे, हे महिनोन्‌महिने आमच्या घरातलं एकमेव गूढ होतं. नवऱ्याच्या मते पितळेची भांडी, माझ्या मते कोर्टाची कागदपत्रं. एकदा काका कुलूप उघडायला आले तेव्हा मी चहाचं निमित्त करून आत डोकावले. एक वापरात नसलेला टेबलफॅन, दोन सतरंज्या आणि दिवाळी अंकांचा एक गठ्ठा. काकांनी सतरंजी हाताने दाबून पाहिली, पंख्यावरची धूळ फुंकली आणि पुन्हा कुलूप लावलं. मग उमगलं. कायद्याने ताबा मालकाचा असतो, पण कायदा डोळ्यांना दिसत नाही. हे कपाट म्हणजे काकांचा ताबा. अठरा हजारांच्या घरात दीड बाय दोन फुटांवर ते स्वतः राहत होते, भाडं न देता.

दुसरा विषय खिळ्याचा. भाडेकरूने खिळा ठोकायचा नसतो. करारात घराची रचना न बदलण्याचं कलम असतं आणि मालकांच्या मते खिळा ही रचनाच. घरात अगोदरच्या भाडेकरूने ठोकलेला एक खिळा होता. तो आमचा नाही हे पुढे सिद्ध करावं लागेल म्हणून आम्ही राहायला आलो त्या दिवशीच त्याचा फोटो काढून ठेवला, तारखेसकट. मग त्याच खिळ्यावर कालनिर्णय टांगलं. काकू सणावाराला प्रसाद घेऊन यायच्या. वाटी माझ्या हातात द्यायच्या आणि नजर भिंतीवरून फिरवायच्या, डावीकडून उजवीकडे, वरून खाली. कालनिर्णयापाशी नजर थांबायची. “तो आधीचाच,” मी म्हणायची. “हो, हो, माहितेय,” असं म्हणून त्या जानेवारीचं पान उगाच थोडं वर करून बघायच्या.

सोसायटीची भीती अजून निराळी. भाडेकरूला तिथे एक स्वतंत्र दर्जा असतो. मीटिंगला बोलावत नाहीत, पण गणपतीच्या वर्गणीला पहिला नंबर. दुचाकी कुठे लावायची ते सभासद सांगणार. जिन्यात कचरा सापडला, की सेक्रेटरी वॉचमनला विचारणार, “दुसऱ्या मजल्यावर भाडेकरू आहेत ना?” मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते. काही सोसायट्या ते मन मानेल तसे लावत, म्हणून सरकारने २००१ मध्ये मर्यादा घातली: सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत. काकांना हा नियम तारखेनिशी ठाऊक होता. सेक्रेटरींनाही होता. तरी दर वर्षी सर्वसाधारण सभेत तो एकदा नव्याने शोधला जायचा, आणि वरच्या मजल्यावरून दोघांचे आवाज जिन्याने खाली यायचे. त्यात आमच्या नावाऐवजी “तुमचे ते भाडेकरू” असा उल्लेख असायचा.

एवढं सगळं सांगितल्यावर वाटेल, की घाबरायचं काम काकांचंच होतं. तसं नाही. दहावा महिना सरला की फोन वाजला तरी आमच्या पोटात गोळा यायचा, कारण पुण्यातल्या प्रत्येक घरमालकाला एक मुलगा असतो, तो अमेरिकेत असतो, आणि दर अकराव्या महिन्यात तो कायमचा परत यायला निघतो. “मुलगा म्हणतोय, यंदा यावं का,” असं काका जिन्यात सहज बोलायचे. मी घरी येऊन नवऱ्याला सांगायची. नवरा वर जाऊन काकांशी हवापाण्याच्या गप्पा मारायचा. भाडं हजाराने वाढायचं आणि मुलगा तिथेच राहायचा. या मुलाला आम्ही कधी पाहिलं नाही, पण त्याच्या परतीच्या तिकिटाचे पैसे आम्हीच दर वर्षी वाचवत होतो.

भीती दोन्ही बाजूंना असली की संसार बरा चालतो. आम्ही एकमेकांशी फार अदबीने वागायचो. नळ गळला तर आम्ही काकांना सांगायच्या आधी स्वतःच वॉशर बदलायचो. मोटार बिघडली तर काका आम्ही बोलायच्या आत टँकर मागवायचे. एकमेकांचा विश्वास वाटत असता तर कुणी एवढं केलं नसतं.

मग बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली.

कोथरूडातल्या जुन्या बिल्डिंगींना आज ना उद्या हे होणारच असतं. बिल्डर येतो, जादा चटईक्षेत्राचं गणित मांडतो, मीटिंगा होतात, भांडणं होतात, आणि एके दिवशी सगळे सभासद सह्या करतात. नवीन बिल्डिंग होईपर्यंत बिल्डर सभासदांना दरमहा भाडं देतो. भाडेकरूंना काही मिळत नाही. त्यांनी फक्त निघायचं असतं. आम्ही निमूटपणे कर्वे पुतळ्यापाशी गेलो. एजंटने डिकी उघडली. आणि पाठीमागून आवाज आला, “माझ्यासाठी काही आहे का?”

काका होते. बिल्डर भाडं देणार होता, पण घर देणार नव्हता. ते स्वतःच शोधायचं होतं: काका, काकू, आजी, टू बीएचके, लिफ्ट हवी, कोथरूड सोडायचं नाही. एजंट काकांकडे बघून प्रसन्न हसला. त्याची निर्भयता त्या क्षणी शिगेला पोचली होती, कारण आता ब्रोकरेज आमच्याकडूनही येणार होतं आणि काकांकडूनही.

पुढच्या काही दिवसांत काका झपाट्याने वाळले. “काय विचारतात हो लोक,” ते मला एकदा भाजी घेताना भेटले तेव्हा म्हणाले. “किती माणसं? म्हटलं तीन. पाहुणे येतात का? अरे, या वयात कोण येतंय? एक तर विचारतो, घरात काही बाकी करता का! मला! कोथरूडात!” मी फक्त हो का, हो का म्हणत होते. “आणि म्हणतो, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. देव कुठे टांगायचे मग?” सर्वांत जास्त त्यांना आजींचं लागलं होतं. नव्वदी ओलांडलेलं माणूस घरात आहे म्हटलं की समोरचा गप्प होतो. म्हाताऱ्या माणसाला उद्या घराबाहेर काढायची वेळ आली तर काढणार कसं, याची त्याला धास्ती. “माणसावर विश्वासच उरला नाही कुणाचा,” काका म्हणाले. त्यांचा चेहरा इतका खरा होता, की मी एक जुडी मेथी जास्तीची घेतली.

शेवटी एरंडवण्यात एक घर जमत आलं. मालक तरुण, आयटीतला, स्वतःचं पहिलंच घर भाड्याने देणारा. त्याने काकांकडे पुण्यातल्या दोन ओळखीच्या माणसांचे नंबर मागितले, आणि काकांनी त्यातला एक माझा दिला. रात्री नऊच्या सुमाराला फोन आला. आवाजावरूनच समजलं की बिचारा घाबरलेला आहे.

“मॅडम, तुम्ही त्यांना ओळखता ना? माणसं कशी आहेत?”

“सज्जन आहेत,” मी म्हणाले. “भाडं वेळेवर मिळेल. शांत आहेत, घर स्वच्छ ठेवतील. खिळ्याचं तर मी लिहून देते.”

“मुदत संपली की सोडतील ना? नंतर काही त्रास नको.”

“छे हो. कायद्याची पूर्ण माहिती असलेली माणसं आहेत.”

त्याला हायसं वाटलं. फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं, “आणखी काही सांगायचंय का?”

“एवढंच,” मी म्हणाले. “ॲग्रीमेंटवर सह्या होईपर्यंत आजींशी गप्पा मारू नका.”